पांडवलेण्यातला फेरफार

नाशिककराला पांडवलेणी माहीत नाहीत असं होत नाही, आणि त्यानं ती नीट पाहिली आहेत असंही सहसा होत नाही. पाहुणे आले की काळाराम, सीतागुंफा, रामकुंड दाखवता दाखवता आपलेच पाय दुखायला लागतात. मग त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाच्या बाजूला गाडी लावून आपण उदारपणे म्हणतो, "तुम्ही या वर जाऊन. आमचं काय, नेहमीचंच आहे." नेहमीच चढणारेही पुष्कळ आहेत. पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून चढतात. पायऱ्या संपल्या की मनगटावरचं घड्याळ बघतात, ठोके मोजतात आणि समाधानानं उतरतात. गौतमीपुत्र सातकर्णीपेक्षा त्यांना कोलेस्टेरॉलची धास्ती जास्त, आणि त्यात गैर काही नाही.

शिवाय पांडवलेणी म्हटलं की पाहायचं शिल्लक तरी काय राहतं? नावातच सगळं आलं. महाराष्ट्रात जिथं जिथं डोंगर पोखरलेला दिसेल तिथं तिथं पांडवांचा हात असतो. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास एवढ्या मुदतीत पाच माणसांनी फोडलेला दगड मोजला, तर कौरवांशी लढायला त्यांच्या दंडात बळ उरलं कसं याचंच नवल वाटावं. आणि लेणं आलं की भुयार आलंच. ते कुठल्या तरी तीर्थाला निघतं, आत कुणाची तरी गाय शिरते, आणि 'सरकारनं ते हल्लीच बुजवलं' असं सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक लेण्याच्या दारात उभा असतो.

मला या लेण्यांत जायचं होतं ते शांततेसाठी. नोकरी संपल्यावर माणसाला वैराग्याचं एक हलकंसं आकर्षण वाटू लागतं. पेन्शन वेळेवर येत असली की ते जास्तच वाटतं. ज्या खोल्यांत भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने ध्यान केलं, तिथं घटकाभर डोळे मिटून बसावं, एवढीच इच्छा होती. बरोबर भाऊसाहेब आला, कारण उतरल्यावर मिसळ खायचं ठरलं होतं.

भाऊसाहेब म्हणजे माझा शाळेतला मित्र. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागला आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाला. तलाठ्याला गावात भाऊसाहेबच म्हणतात, यालाही म्हणत. ते त्याला इतकं चिकटलं की आता घरात वहिनीसुद्धा "भाऊसाहेब, पोळ्या गार होतायत" अशी हाक मारतात. त्याला भाऊसाहेब म्हणूनही अरेतुरे करणारा मी एकटाच. मी शिक्षक होतो, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. निसर्गसौंदर्याकडे बघण्याची त्याची एक पद्धत आहे. आपण म्हणावं, काय सुंदर माळ आहे. त्यानं विचारावं, गायरान आहे की खाजगी?

पायऱ्या चढताना मी त्याला सांगत होतो, की ही लेणी 24 आहेत, सगळ्यात जुनं सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं. तो ऐकत होता, पण नजर खाली पसरलेल्या शहरावर होती. अंबडचे कारखाने, मुंबई-आग्रा रस्ता, इमारतींचे सांगाडे. "ही सगळी द्राक्षाची जमीन होती," तो म्हणाला. "एकेकाचे बिनशेतीचे कागद माझ्या हातून गेलेत." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे असल्यानं वर सावली होती, वारा होता, आणि मला वैराग्याची चाहूल लागली होती.

ती तिसऱ्या लेण्यापाशी मोडली. हे इथलं सगळ्यात नटलेलं लेणं, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं दान दिलेलं. ओसरीत एका शाळेची सहल डबे उघडून बसली होती आणि आतून "ए, आवाज घुमतो बघ" याचा पुरावा सतत बाहेर येत होता. आम्ही बाहेरच थांबलो आणि खालचे यक्ष पाहिले. ओसरीच्या कठड्याखाली सहा बुटके, दांडग्या अंगाचे पुरुष जमिनीतून अर्धेच वर आले आहेत. प्रत्येकाच्या खांद्यावर दगडात कोरलेल्या जाड तुळया आहेत आणि त्या तुळयांवर अख्खं लेणं उभं आहे. काहींचे चेहरे काळानं झिजले आहेत, पण खांदे मात्र अजून ओझ्याखाली ताठ आहेत. पोट सुटलेलं, मान आखडलेली. भाऊसाहेब त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हे कोतवाल," तो म्हणाला.

"यक्ष आहेत ते. गण म्हणतात."

"असतील. पण पदानं कोतवाल. साहेब वर माडीवर बसणार, त्याच्या वर देव बसणार, आणि सगळं दप्तर यांच्या डोक्यावर. आमच्या सजाचा कोतवाल अस्साच दिसायचा."

सहल हलायची चिन्हं नव्हती, म्हणून पुढं सरकलो. सहाव्या लेण्यात मी त्याला तिथल्या लेखाचा मजकूर वाचून दाखवला. माझ्याजवळ या लेखांच्या भाषांतराच्या झेरॉक्स होत्या. 1883च्या नाशिक गॅझेटियरसाठी पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे सगळे लेख वाचले. पुढं एमिल सेनार या फ्रेंच पंडितानं ते 'एपिग्राफिया इंडिका'त पुन्हा छापले. सहाव्या लेण्याचा लेख सांगतो, की चार खोल्यांचं हे लेणं वीर नावाच्या व्यापाऱ्याचं दान. त्यातली एक खोली त्याची बायको नंदश्री हिची, एक मुलगी पुरुषदत्ता हिची.

भाऊसाहेब चमकला. "बायकोचं नाव वेगळं लागलंय?"

"आणि मुलीचंही."

"सहहिस्सेदार म्हणून नाही, स्वतंत्र?"

"स्वतंत्र."

तो दगडाला हात टेकून उभा राहिला. "मास्तर, लक्ष्मी मुक्ती योजना आली तेव्हा मी गावोगाव फिरलोय. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, फुकट आहे, स्टॅम्प नाही, काही नाही. बापे माझ्याकडं असे बघायचे, की मीच त्यांची जमीन लुबाडायला आलोय. आणि हा वाणी दोन हजार वर्षांपूर्वी..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. वीर व्यापाऱ्याविषयी त्याच्या मनात तेव्हा जो आदर उत्पन्न झाला, तो दिवसभर टिकला.

नावं एकदा दिसायला लागली की या डोंगरावर गर्दी वाटू लागते. आठवं लेणं मुगुदास नावाच्या कोळ्यानं सहकुटुंब दिलेलं. सतरावं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेल्या माणसानं, आईवडिलांच्या पुण्यासाठी कोरवून घेतलेलं. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्याच्या, दारावर एका अख्ख्या गावाचं नाव: धंभिक गावाचं दान. आणखी एका ठिकाणी दशपुराहून आलेला वुधिक नावाचा शक. तो पेशानं लेखक, म्हणजे कारकून. त्यानं लेणं दिलं आणि पाण्याची टाकी दिली. "कारकून?" भाऊसाहेबानं दोनदा विचारलं. "पगारावर?" त्यानंतर थोडा वेळ तो बोलला नाही. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी कोणती आकडेमोड चालली असेल, ती मी विचारली नाही.

विसाव्या लेण्याची कथा मला फार आवडते. बोपकी नावाच्या एका यतीनं ते खोदायला घेतलं आणि ते तसंच राहिलं. कित्येक वर्षं अर्धवट. मग यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सातव्या वर्षी भवगोप नावाच्या महासेनापतीची बायको वासू हिनं ते पुरं केलं. वासूनं दुसरं नवंकोरं करकरीत लेणं काढलं नाही. दुसऱ्याचं अडलेलं काम तडीस नेलं आणि लेखात बोपकीचं नावही राहू दिलं. कोनशिलेवर आधीच्या माणसाचं नाव राहू देणारा कुणी माझ्या पाहण्यात नाही. भाऊसाहेबाच्या पाहण्यातही नाही, आणि त्यानं कोनशिला माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

खरी बैठक मात्र दहाव्या लेण्यात जमली. हे क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. आत चौक, तिन्ही बाजूंनी मिळून 16 खोल्या. एका खोलीत वाकून शिरलो. आत एक दगडी ओटा, चौकटीच्या खाचा, बस्स. बाहेरच्या उन्हाचा पत्ता नाही. मी ओट्यावर मांडी घालून डोळे मिटले. भाऊसाहेबानं पावलांनी खोली मोजली, शेजारच्या खोलीतल्या ओट्यावर आडवा होऊन पाहिलं, पाय बाहेर आले म्हणून उठला, आणि म्हणाला, "वाच पुढचं."

मी डोळे उघडले आणि वाचलं. वैराग्य असं हप्त्याहप्त्यानंच करावं लागतं.

उषवदाताचा लेख ओसरीच्या भिंतीवर आहे. वर्ष 42, महिना वैशाख. त्यानं या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापणं ठेवली. ठेवली म्हणजे अक्षरशः ठेव म्हणून ठेवली, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे. 2000 एका श्रेणीत, दरमहा शेकडा 1 व्याजानं. 1000 दुसरीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहिलेल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं वस्त्रासाठी.

"थांब," भाऊसाहेब म्हणाला. त्यानं खिशातून पेन काढलं आणि मिसळीच्या दुकानाच्या जुन्या बिलामागं गणित मांडलं. "दोन हजारावर शेकडा एक. महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस माणसं गुणिले बारा..." तो बिलाकडे बघत राहिला. "दोनशे चाळीस. मास्तर, पै न् पै जुळली."

"पण सगळे तीन हजार एकाच ठिकाणी शेकडा एकनं का नाही ठेवले? तेही विणकर, हेही विणकर."

"सगळी रक्कम एका पतपेढीत ठेवू नये, हे त्याला कळत होतं. मला कळायला एक पतपेढी बुडावी लागली." ते दुःख जुनं आहे, मी पुढचा कागद काढला.

त्याच लेण्यात उषवदाताचा आणखी एक मजकूर आहे. भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्यानं एक शेत विकत घेतलं. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून, किंमत 4000 कार्षापणं. शेत त्या ब्राह्मणाच्या वडिलांचं होतं, आणि शहराच्या हद्दीवर वायव्य दिशेला होतं, असं लेखात स्वच्छ म्हटलं आहे.

भाऊसाहेब आता उभाच राहिला होता. "विकणाऱ्याचं नाव आहे. आईचं नाव आहे. मोबदला आहे. जमीन वडिलोपार्जित, हे आहे. दिशा आहे. अरे, हे खरेदीखत आहे! तू मला सकाळपासून ध्यानबिन काय सांगतोयस?"

मी त्याला म्हटलं, की ध्यानही खरंच आहे. पण ध्यानाला बसलेल्या माणसाच्या अंगावर वस्त्र कुठून यायचं, पावसाळ्यात भिक्षेला बाहेर पडता आलं नाही तर भात कुठून यायचा, हा विचार कुणीतरी केल्याशिवाय ध्यान तीन महिने टिकत नाही. घरदार सोडलेल्या त्या वीस माणसांच्या पाठीशी विणकरांचे माग चालले होते, शेतं पिकत होती, आणि महिन्याच्या महिन्याला कुणीतरी व्याज मोजून देत होतं. उषवदातानं गायी दिल्या, नारळाची हजारो रोपं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्याचे लेख सांगतात. थोरपणाची ही यादी आपल्याला ठाऊक असते. मला त्यातलं सगळ्यात मायेचं वाक्य वाटतं ते माणशी बारा कार्षापणांचं, कारण दान देणारे पुष्कळ असतात. वीस गुणिले बारा करून पाहणारा विरळा.

शाळेची सहल एव्हाना उतरली होती. आम्ही तिसऱ्या लेण्यात परत आलो. ओसरीच्या भिंतीवर, वर छताच्या बाजूला, गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम आहेत. भाऊसाहेबाला ब्राह्मी वाचता येत नाही, मलाही येत नाही. पण मान वर करून आम्ही दोघंही त्या ओळींकडे आदबीनं बघत राहिलो. मी कागद वाचू लागलो.

पहिला हुकूम, वर्ष 18. वैजयंतीच्या विजयी लष्करी तळावरून राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवतो, की पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं शेत या भिक्षूंना दिलं आहे. या शेतात सरकारी माणसानं पाऊल टाकायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही.

"इनाम वर्ग," भाऊसाहेब पुटपुटला. "पुढं?"

मधला इतिहास मी थोडक्यात सांगितला. गौतमीपुत्रानं नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा हजारोंचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारला होता. शत्रूचा चेहरा त्यानं नाण्यावर टिकू दिला नाही. पण इथून चार पावलांवर त्याच शत्रूच्या जावयानं भिंतीवर लिहून ठेवलेला ठेवीचा आणि शेताचा मजकूर तसाच राहिला. राज्य जिंकलं म्हणून भिक्षूंच्या वस्त्राचा हिशेब पुसायचा नसतो, एवढा पोच त्या काळच्या विजेत्याला होता.

"ते झालं. दुसरा हुकूम वाच."

दुसरा हुकूम, वर्ष 24. राजा आणि राजमाता या दोघांच्या वतीनं. या वेळी गोवर्धनचा अमात्य श्यामक आहे. विष्णुपालिताची बदली झाली असावी. हुकूम म्हणतो, त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी काखडी गावात शेत दिलं होतं. परंतु ते शेत कसलं जात नाही, आणि गावात वस्ती नाही. तेव्हा आता शहराच्या हद्दीवर आमचं जे सरकारी शेत आहे, त्यातली 100 निवर्तनं देत आहोत.

भाऊसाहेब मटकन बसला. तिथं बसायला कडेनं दगडी बाक आहे, म्हणून बरं झालं.

"पडीक," तो म्हणाला. "मौजे बेचिराख. कागदावर दोनशे, आणि जाग्यावर जाऊन बघावं तर माणूस नाही काणूस नाही. अशी किती प्रकरणं सांगू तुला! धरणग्रस्तांना..." तो थांबला. "पण दोनशेचे शंभर केले की."

"अन्यायच आहे."

"अन्याय? शहराच्या हद्दीवरची जमीन आहे, मास्तर. तिथले शंभर म्हणजे काखडीचे पाचशे. भिक्षूंपैकी कुणीतरी हुशार होता."

या हुकमाच्या शेवटी दोन तारखा आहेत. दान दिलं उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. सुजीवी नावाच्या माणसानं कागद केला पावसाळ्याच्या चौथ्या पंधरवड्यात. मध्ये साडेचार-पाच महिने. यावर भाऊसाहेबानं काहीच टिप्पणी केली नाही, फक्त समजूतदारपणे मान हलवली. पुढं गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या काळातही असंच झालं. आधी दिलेलं सुदसण गाव परत घेऊन त्याच्या बदल्यात सामलिपद गाव दिल्याचा हुकूम याच लेण्यात कोरलेला आहे. म्हणजे एका ओसरीत फेरफारावर फेरफार.

उतरताना तो विचारात होता. मिसळीची ऑर्डर दिल्यावर त्यानं तोंड उघडलं. "एक गोष्ट सांग. राजा कुठं तरी मोहिमेवर. काखडीचं शेत पडीक आहे, गाव उठलंय, हे त्याला कळवलं कुणी?"

लेखात ते नाही. हुकूम कुणी लिहिला, कागद कुणी केला ही नावं आहेत. काखडीच्या ओसाड शिवारात उभं राहून 'पीक नाही, वस्ती नाही' अशी पाहणी करून खरा अहवाल देणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

"तो आपला माणूस," भाऊसाहेब म्हणाला. "त्याला 'शेत उत्तम, भिक्षू संतुष्ट' असं लिहिता आलं असतं. वरच्यांना तेच आवडतं. पण त्यानं आहे ते लिहिलं, आणि राजानं ते दगडात उतरवलं. आम्ही दिलेली जमीन निकामी निघाली, असं कोणता सरकारी कागद म्हणतो रे?"

मिसळ आली. रश्शात पाव बुडवता बुडवता त्याला आणखी एक शंका आली. त्या आधी भिक्षूंनीही अर्ज केलाच असणार. जगाचा त्याग केलेला एखादा स्थविर पडीक जमिनीची तक्रार घेऊन अमात्याच्या ओसरीवर ताटकळला असणार. 'साहेब मोहिमेवर गेलेत, पुढच्या पंधरवड्यात या' हे त्यानं ऐकलं असणार. "ते सोड," तो म्हणाला, "जमीन नावावर करायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. भिक्षूकडं तो कुठला? ना घर ना शिवार. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं असेल?"

"निर्वाण," मी म्हटलं.

"त्यावर चौकशी लागली असती." त्यानं बिलाच्या उरलेल्या कोऱ्या जागेवर वर्ष 18 आणि वर्ष 24 लिहिलं, वजाबाकी केली आणि मान वर केली. "अर्ज, पाहणी, अहवाल, मंजुरी, पर्यायी जमीन, आणि तीही शहरालगत. सहा वर्षांत. मास्तर, सातवाहनांचं साम्राज्य एवढं मोठं का झालं, ते मला आज कळलं."